घरगुती हिंसेवर मुलाखती घेताना: आधी काय, मधे काय, नंतर काय

समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं-मुली दरवर्षी घरगुती हिंसा हा विषय प्रबंधाला घेतात. संस्थांचे कार्यकर्तेही वस्त्यांमध्ये सर्वेक्षणं करतात. मी अशा गटांना प्रशिक्षण देते, आणि वर्षानुवर्षं त्याच चुका होताना पाहते. एका विद्यार्थिनीने प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘कौटुंबिक हिंसाचार सर्वेक्षण’ असं छापून घेतलं होतं. मुलाखत संपली, विद्यार्थिनी पाणी प्यायला उठली, गठ्ठा खाटेवर राहिला आणि दिराने तो उचलून वाचला. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईचा मोबाईल सासूच्या ताब्यात गेला, बचत गटाच्या बैठकीला जाणंही बंद झालं. विद्यार्थिनीचा हेतू चांगला होता. तयारी कमी पडली आणि किंमत त्या बाईने मोजली.

बहुतेक जण काम असं करतात: आधी प्रश्नावली, मग परवानगी, मग गाव, मग मुलाखती, आणि अगदी शेवटी परिशिष्टाला जोडायला चार हेल्पलाईन नंबर. हा क्रम उलटा करायचा आहे. ज्या बाईला तुम्ही ‘घरात कुणी हात उचलतं का’ असं विचारणार, ती ‘हो’ म्हणाली तर तिला आजच्या आज, याच तालुक्यात कुठे नेता येईल, हे पहिला प्रश्न लिहिण्याआधी ठरलेलं पाहिजे.

## टप्पा १: मदतीची साखळी आधी उभी करा

इंटरनेटवरून यादी उतरवून घेणं म्हणजे साखळी नव्हे. प्रत्येक ठिकाणी स्वतः जा, तिथल्या माणसाला भेटा, आणि एखादी बाई खरंच दारात उभी राहिली तर काय होईल ते विचारून घ्या. किमान एवढ्या जागा पालथ्या घाला:

संरक्षण अधिकारी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली हे पद आहे. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बाईची हकिकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेणं, म्हणजे ज्याला सगळे डीआयआर म्हणतात तो घटना अहवाल तयार करणं, आणि तिला दंडाधिकाऱ्यांपर्यंत पोचवणं हे या अधिकाऱ्याचं काम. तुमच्या तालुक्याचा अधिकारी कोण, कोणत्या वारी कार्यालयात भेटतो, त्याच्याकडे दुसऱ्या तालुक्याचाही भार आहे का, हे लिहून आणा.

सखी वन स्टॉप सेंटर. इथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एका छताखाली मिळावी अशी योजना आहे. निवारा थोड्याच दिवसांचा असतो. मुलांना बरोबर ठेवतात का, मुलगा किती वर्षांपर्यंत चालतो, हे आवर्जून विचारा. बाईचा पहिला प्रश्न तोच असतो.

पोलिसांशी जोडलेला विशेष कक्ष. महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईत पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला आणि पुढे राज्यातल्या इतर जिल्ह्यांत पसरला. इथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. पोलिस ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या बाईला ही जागा जवळची वाटू शकते.

सरकारी दवाखाना. मार लागलेली बाई बऱ्याचदा सगळ्यात आधी इथेच येते, ‘पाय घसरून पडले’ असं सांगत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र, म्हणजे अशा बायकांना दवाखान्यातच समुपदेशन देणारी जागा, याच जाणिवेतून उभं राहिलं. तुमच्या भागात असं केंद्र नसेल तर निदान कोणती परिचारिका किंवा डॉक्टर बाईचं नीट ऐकून घेतात ते शोधा.

विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे बायकांनाच काय, अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं.

याशिवाय फोन: तातडीला ११२, महिला हेल्पलाईन १८१, मुलांसाठी १०९८, कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००, मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६. हे सगळे नंबर स्वतः लावून पाहा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. कुणी उचललं, कोणत्या भाषेत बोललं, किती वेळ थांबवलं, ते वहीत नोंदवा.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात, कारण बायका नेमकं तेच विचारतात. एक, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला आधी पोलिस तक्रार लागतेच असं नाही. दुसरं, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तिसरं, हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. मुलाचा मार खाणारी आई, भावाच्या घरातली विधवा बहीण, लग्नाविना नवरा-बायकोसारखी एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना तो लागू होतो. तारखेबद्दल मात्र आश्वासन देऊ नका. पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल त्यापासून ६० दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखा पडत जातात.

> तपासा: प्रत्येक जागेपुढे पाच गोष्टी लिहिल्या आहेत का? माणूस, वेळ, पत्ता, सोबत लागणारी कागदपत्रं, आणि वस्तीतून तिथवर जायला लागणारं बसभाडं. एकही रकाना रिकामा असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा २: नाव, परवानगी आणि माणसं

अभ्यासाला बाहेर वेगळं, पण खोटं नसलेलं नाव द्या. ‘स्त्रियांचं आरोग्य आणि घरातलं जगणं’ असं काहीतरी. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या मोठ्या अभ्यासातही वस्तीत सांगायचं नाव असंच ठेवलं होतं. प्रश्नावलीची सुरुवातही खरोखर आरोग्याच्या प्रश्नांनी करा, म्हणजे नाव नुसतं पांघरूण राहणार नाही. जिच्याशी बोलायचं तिला मात्र एकांतात खरा विषय सांगायचाच. नाव वेगळं असतं ते घरच्यांसाठी आणि गावासाठी.

नीतिसमितीची, म्हणजे अभ्यासात माणसांना इजा होऊ नये हे पाहणाऱ्या संस्थेच्या समितीची, परवानगी घ्याच, प्रबंध लहान असला तरीही. अर्जात एक मुद्दा आवर्जून टाका: लेखी सहीऐवजी तोंडी संमती चालावी. सही केलेला कागद घरात सापडला तर तो बाईविरुद्धचा पुरावा होतो.

मुलाखती बायकांनीच घ्याव्यात. मुलाखत घेणारी त्याच गावची नसावी. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्ष यांना घर दाखवायला जरूर घ्या, पण मुलाखतीला बसवू नका. त्या कितीही चांगल्या असल्या तरी उद्या पाणवठ्यावर त्या बाईला त्यांच्याच नजरेला नजर द्यायची असते.

गट निवडताना आणखी एक गोष्ट उघडपणे बोला. मुलाखत घेणाऱ्या मुलींपैकी कुणीतरी हे घरात पाहिलेलं किंवा सोसलेलं असणार. त्यांना वगळायचं कारण नाही. पण प्रशिक्षणातच सांगून टाका की कुणालाही, कारण न देता, या कामातून बाजूला होता येईल आणि दुसरं काम मिळेल.

## टप्पा ३: प्रश्न बाईच्या भाषेत

‘तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ‘नाही’ असंच मिळतं. त्याच बाईला नंतर विचारा, गेल्या वर्षभरात कुणी ढकललं का, तर ती म्हणते, ‘ढकलतात हो, रागात असले की.’ तिच्या लेखी हिंसा म्हणजे पेपरात येते ती. घरातलं ते ‘त्रास’, ‘जाच’, ‘भांड्याला भांडं लागणं’. म्हणून शब्दाबद्दल नव्हे, कृतीबद्दल विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ढकलणं, कानफटात मारणं, हात पिरगळणं, केस ओढणं, लाथ मारणं, गळा दाबणं अशा एकेका कृतीचा वेगळा प्रश्न असतो. एका ‘नाही’नंतर बाईला पुढे पुन्हा विचार करायची जागा त्यामुळेच मिळते.

शारीरिक मार संपला की प्रश्नावली संपली, असं करू नका. या बाजू हमखास सुटतात:

- पैसा: मजुरी कोण घेतं, एटीएम कार्ड कुणाकडे असतं, स्वतःच्या औषधाला पैसे मागावे लागतात का.
- वावर: माहेरी जायला, दवाखान्यात जायला, फोनवर बोलायला कुणाची परवानगी लागते. फोन कोण तपासतं.
- शरीरसंबंध: इच्छा नसताना जबरदस्ती. हा प्रश्न मधे किंवा शेवटाकडे ठेवा, सुरुवातीला कधीच नको.
- शब्द: चारचौघांत अपमान, मुलगी झाली म्हणून टोमणे, ‘दुसरी करीन’ अशी धमकी.
- करणारा: फक्त नवरा धरू नका. सासू, दीर, मुलगा, बाप, भाऊ असे पर्याय ठेवा.

प्रत्येक कृतीला दोन काळ जोडा: ‘आयुष्यात कधी’ आणि ‘गेल्या १२ महिन्यांत’. पहिल्याने व्याप्ती कळते, दुसऱ्याने आज मदतीची गरज कुणाला आहे ते कळतं.

‘का मारतो?’ हा प्रश्न काढून टाका. तो विचारला की बाई स्वतःच्या चुका सांगू लागते: भाजीत मीठ जास्त पडलं, उलट बोलले. ‘त्या आधी काय काय घडलं?’ असं विचारलं तर हकिकत मिळते आणि दोष तिच्या गळ्यात पडत नाही.

प्रश्न त्या भागातल्या दोन-तीन बायकांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात शब्द बदलतात, आणि ‘लैंगिक’ हा शब्द तर कुठल्याच घरात वापरात नसतो. तुम्ही वाचताना अडखळलात तर ऐकणारी नक्की गप्प बसेल.

> सावधान: खऱ्या प्रश्नावलीबरोबर एक बदलीची प्रश्नावली पाठ ठेवा: पाळीचा त्रास, रक्ताची कमतरता, मुलांचं लसीकरण, चूल की गॅस. कुणी आत आलं की आवाज न बदलता थेट तिच्यावर जायचं. याचा गटात प्रत्यक्ष सराव करा, निदान दहा वेळा. वाचून हे जमत नाही.

## टप्पा ४: एका घरात एकच बाई

जावा, सासू-सून, आई-मुलगी एकाच छताखाली असल्या तरी त्यांतल्या एकीचीच मुलाखत घ्या, आणि ती कोण हे चिठ्ठीने ठरवा. दुसरीला तेच प्रश्न विचारले की पहिलीने काय सांगितलं असेल याचा अंदाज घरात लागतो. त्याच घरातल्या पुरुषांना याच विषयावर विचारू नका. पुरुषांचा अभ्यास करायचाच असेल तर वेगळी वस्ती घ्या.

गावात शिरताना सरपंच, ग्रामसेवक, वस्तीतले पुढारी यांना आरोग्याच्या अभ्यासाचंच नाव सांगा. जेवढं कमी बोलाल तेवढं बरं.

## टप्पा ५: एकांत मिळवा, नाहीतर उठा

हा टप्पा सगळ्यात जास्त फसतो. आपल्याकडे घरात एकांत ही गोष्टच नसते. खोली दहा बाय बाराची, पडद्यापलीकडे सासरे, दारात शेजारीण. नव्या मुलींना वाटतं की आवाज हळू केला म्हणजे झालं. तसं होत नाही. हळू बोलणं तर कान टवकारायला लावतं.

जागा घराबाहेर शोधा. अंगणवाडी सुटल्यानंतरची खोली, आरोग्य उपकेंद्र, शाळेचा रिकामा वर्ग, शेताचा बांध, कपडे धुवायला जाण्याची वाट. ऊसतोडीच्या तळावर कोप्यांना, म्हणजे झोपड्यांना, दारं नसतात आणि दिवसभर बायका फडात असतात; तिथे तुम्हाला त्यांच्या वेळेने जावं लागतं, आणि मुकादमाच्या नजरेआड बसायला जागा आहे का ते आदल्या दिवशी पाहून यावं लागतं. शहरातल्या वस्तीत दवाखान्यात जाणं हे घराबाहेर पडायचं चांगलं निमित्त असतं.

जागा आणि वेळ बाईलाच ठरवू द्या. तिला ठाऊक असतं नवरा किती वाजता येतो, सासू कधी आडवी होते. तुमच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक बदला.

दोन वर्षांवरचं मूल जवळ असेल तर बोलू नका. चार वर्षांची पोर रात्री बापाला सहज सांगते, ‘आई मावशीजवळ रडली.’ गटातली दुसरी मुलगी बरोबर असेल तर तिने मुलांना गोष्ट सांगायला, चित्र काढायला बाहेर बसवावं. सासू उठतच नसेल तर तिचीही वेगळी, साधी आरोग्याची मुलाखत सुरू करावी. घरच्यांना गुंतवून ठेवणारी ही जोडीदार चैन नाही, गरज आहे. एकटीने हे काम करू नका.

> तपासा: सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता कुणी दार उघडलं तर मी कोणतं वाक्य बोलणार? वाक्य तयार नसेल तर पहिला प्रश्न विचारू नका.

एकांत मिळालाच नाही तर मुलाखत अपुरी सोडा आणि तशी नोंद करा. ‘एकांत नाही’ हीदेखील माहिती आहे. नमुन्याचा आकडा भरण्यासाठी सासूसमोर उरकलेली मुलाखत अभ्यासाला खोटं पाडते आणि बाईला धोक्यात घालते.

## टप्पा ६: संमती, आणि ती पुन्हा पुन्हा

एकदा सुरुवातीला, आणि एकदा कठीण प्रश्नांच्या आधी. दुसऱ्या वेळी असं म्हणता येतं: ‘ताई, आता पुढचे प्रश्न घरातल्या त्रासाबद्दल आहेत. खूप बायकांना असा त्रास असतो म्हणून सगळ्यांना विचारते. उत्तर द्यायचं नसेल तर नुसती मान हलवा, आपण दुसरं बोलू. आणि कुणी आलं तर मी लगेच लसीकरणाचं विचारायला लागेन, दचकू नका.’ मोठ्या वयाच्या बाईला मावशी, काकू म्हणा.

गुप्ततेची मर्यादा आधीच सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर ते कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. बाई बोलून गेल्यावर ‘आता मला हे सांगावंच लागेल’ म्हणणं म्हणजे तिचा विश्वासघात. तुमची उत्तरदाती स्वतः अठराच्या आतली, बालविवाह झालेली असू शकते, हेही लक्षात घ्या. अशा वेळी काय करायचं ते नीतिसमितीकडून आणि वकिलाकडून लेखी घेऊन मगच गावात जा.

## टप्पा ७: ऐकताना

प्रश्नावलीतून डोकं वर काढा. बाई थांबली तर तुम्हीही थांबा. रडली तर लगेच पाण्याचा पेला पुढे करून विषय मोडू नका. थोड्या वेळाने विचारा: ‘थांबायचं, पुढे जायचं, की हे सोडून द्यायचं?’ तिन्हींपैकी ती जे निवडेल ते करा.

बोलायची वाक्यं साधी असतात. ‘तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत.’ ‘यात तुमची चूक नाही.’ ‘कुणीच असं वागायला नको.’ यापुढे फारसं काही लागत नाही.

न बोलायची वाक्यं मात्र जिभेवर बसलेली असतात, कारण आपण ती घरीदारी ऐकत मोठे झालो. ‘मुलांकडे बघून सहन करा.’ ‘पिऊन आल्यावर तुम्ही उलट बोलू नका.’ ‘एवढं होतंय तर अजून राहता कशाला?’ ‘मी बोलू का त्यांच्याशी?’ शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. नवऱ्याशी बोलायला जाणं, दोघांना समोरासमोर बसवणं, सासरच्यांची समजूत घालणं हे तुमचं काम नाही. तुम्ही गेल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो.

बायका खूपदा मुलाखतीत ‘नाही, नाही’ म्हणतात आणि तुम्ही पिशवी खांद्याला लावल्यावर ‘थांबा, दारापर्यंत येते’ म्हणून सोबत निघतात. खरं ते वाटेत सांगतात. तेव्हा वही काढू नका. चालत राहा, ऐका. वस्तीबाहेर आल्यावर लिहा, आणि ते अभ्यासात वापरू का हे त्याच वाटेवर विचारून घ्या.

## टप्पा ८: धोका किती, ते ओळखा

प्रत्येक बाईला तातडीची मदत नको असते, पण काहींचा जीव धोक्यात असतो आणि तो त्यांना स्वतःलाही तेवढा दिसत नाही. पुढचं काही आढळलं तर मुलाखत बाजूला ठेवा:

- मारहाण गेल्या काही महिन्यांत वाढली आहे.
- कधीही गळा दाबला आहे. अंगावर खूण नसली तरी. आवाज बसला, गिळताना दुखतं, श्वासाला त्रास होतो असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.
- हत्यार, रॉकेल, ॲसिड यांची धमकी किंवा वापर.
- ‘जिवे मारीन’ असं तो म्हणतो आणि तो तसं करील असं तिला वाटतं.
- गरोदरपणात मार.
- सततचा संशय, पाठलाग.
- ती घर सोडायच्या विचारात आहे किंवा नुकतंच सोडलं आहे.

शेवटचा मुद्दा लोकांना उलटा वाटतो. बाई निघाली की सुटली, असं आपण धरतो. अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसलं आहे की निघण्याचा आणि लगेच नंतरचा काळ फार जोखमीचा असतो. म्हणून ‘निघून जा’ असा सल्ला देऊ नका. कधी, कसं, कुणाकडे हे ती ठरवेल. तुम्ही तिला तयारी करायला मदत करा.

ती तयारी अशी: शेजारच्या भरवशाच्या बाईबरोबर एक खुणेचा शब्द. भांडण चढलं की स्वयंपाकघरात न थांबणं, कारण सुरी, गॅस, उकळतं पाणी तिथेच असतं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती दुसऱ्याच्या घरी. थोडे पैसे. एक-दोन नंबर तोंडपाठ, कारण पहिला फुटतो तो फोन. फोनचं खातं नवऱ्यानेच उघडून दिलं असेल तर तिचं ठिकाण त्याला दिसू शकतं, हेही सांगा.

> सावधान: बाई ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाली तर विषय टाळू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नका, तिच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा, १४४१६ लावा, जवळच्या रुग्णालयात सोबत जा.

## टप्पा ९: निरोप

शेवटचा प्रश्न हिंसेचा नको. तिने आजवर कसं निभावलं, कुणाचा आधार वाटतो, कोणतं काम चांगलं जमतं, यावर बोलणं संपवा. मग माहिती द्या, आणि ती सगळ्यांनाच द्या, ‘हो’ म्हणणाऱ्यांनाही आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांनाही. नाहीतर कार्ड कुणाला मिळालं यावरून वस्तीला सगळं कळतं.

कार्ड लहान असावं, त्यावर रुग्णवाहिका, लसीकरण, रेशन तक्रार अशा नंबरांच्या मधे १८१ असावा. तरीही आधी विचारा, ‘हे घरी ठेवता येईल का?’ नको म्हणाली तर तीन आकडे पाठ करून घ्या. १-८-१, एवढंच.

तिने मदत मागितली तर ‘इथे जा’ म्हणून थांबू नका. तिच्यासमोर फोन लावा, कोण भेटेल ते नावानिशी सांगा, जमल्यास सोबत जा. तिने नको म्हटलं तर तेही मान्य करा.

## टप्पा १०: वही, फोन, फाइल

प्रश्नावलीवर नाव नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि घर जोडणारी यादी वेगळ्या कुलपात. ध्वनिमुद्रण तिने हो म्हटलं तरच, आणि तेही स्वतःच्या वैयक्तिक मोबाईलवर नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘आज एक भयंकर केस मिळाली’ असं कुणी टाकलं तर त्याच क्षणी थांबवा. फोटो अजिबात नाहीत, अगदी पाठमोरेसुद्धा. साडी आणि दार यांवरून माणूस ओळखू येतं.

रोज संध्याकाळी अर्धा तास गट एकत्र बसवा. कोणी काय ऐकलं, कशाने झोप लागणार नाही, ते बोलू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मुली ‘काही विशेष नाही’ म्हणायला लागतात. ते बहुधा थकल्याचं लक्षण असतं, आणि थकलेली मुलगी ‘नाही’ ऐकायच्या घाईत असते. दिवसाला तीनपेक्षा जास्त मुलाखती मी कुणालाही देत नाही.

## टप्पा ११: लिहिताना

आकडे कमी आले तर ‘या गावात हिंसा कमी आहे’ असं लिहू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जवळपास ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. अनोळखी मुलीपुढे पहिल्याच भेटीत किती जणी बोलतील, याचा विचार करून निष्कर्ष मांडा. किती मुलाखतींत एकांत मिळाला नाही, तो आकडाही छापा.

हकिकती देताना नाव बदलणं पुरेसं नसतं. ‘तालुक्यातली एकमेव महिला कंडक्टर’ असं लिहिलं की नाव कशाला हवं? व्यवसाय, मुलांची संख्या, गावाचं नाव, यातलं ओळख पटवणारं जे असेल ते बदला किंवा गाळा. दोन बायकांच्या हकिकती मिसळून एक करू नका, ते खोटं ठरतं. त्यापेक्षा लहान उतारा द्या.

प्रबंध जमा झाला की पुन्हा त्या साखळीकडे जा. संरक्षण अधिकाऱ्याला, सखी केंद्राला, विशेष कक्षाला भेटून सांगा की कुणाचं नाव न घेता काय दिसलं: किती बायकांना ही जागा माहीतच नव्हती, कितींना बसभाडं परवडत नव्हतं, कुणाला कोणत्या वारी कुलूप दिसलं. मग क्रमांक आणि घरं जोडणारी ती यादी समितीने ठरवून दिलेल्या तारखेला फाडून जाळा, आणि जाळल्याची नोंद गटातल्या दोघींच्या सहीने ठेवा.